दस्तुरीवर विकलं जाणारं अंतर

माथेरानला फसलो असं म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, ‘किती गेले?’ आकडा सांगितला तर म्हणतो, ‘एवढंच ना!’ आणि नाही सांगितला तर धरून चालतो की बरेच गेलेत, लाजेनं बोलत नाहीये. म्हणून मी आकडाही सांगणार नाही आणि कोण, कधी, कसं तेही नाही. गोष्ट सांगितली की लोक गोष्टीतल्या माणसाच्या चुका काढत बसतात: आधी फोन का केला नाही, चार जणांना का विचारलं नाही, आमच्या मेहुण्यांना तर असा अनुभव कधीच आला नाही. मेहुण्यांचं भाग्य थोर. मला एवढंच मांडायचं आहे की या फसवणुकीला एक बांधणी आहे. ती एखाद्या लोभी माणसाच्या स्वभावावर उभी नाही, म्हणून एक माणूस टाळला की ती टळत नाही. माथेरानच्या दारातल्या दस्तुरी नाक्यावर जे विकलं जातं त्याला आपण घोडा म्हणतो, हातरिक्षा म्हणतो, ‘सात पॉइंटचं पॅकेज’ म्हणतो. प्रत्यक्षात तिथं विकलं जातं ते अंतर, म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेलं अंतर. ते ठाऊक असलेल्या माणसाला तिथं फारसं काही विकता येत नाही. हे लिहिताना माझं मन शांत आहे असा दावा मी करत नाही. पण रागावलेला माणूसही हिशेब बरोबर मांडू शकतो.

नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरीला थांबते, कारण त्यापुढे खाजगी वाहन जात नाही. माथेरानचा माथा जेमतेम सातेक चौरस किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरचा; त्यावर दाट झाडी, तांबड्या मातीच्या वाटा आणि कडेकडेनं तीसहून अधिक पॉइंट. दस्तुरीपासून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे. वाट बहुतेक सावलीची, चढ असला तरी दम काढणारा नाही, आणि रमतगमत चाललं तरी पाऊण तासात माणूस बाजारात पोचतो. आता दस्तुरीला उतरणाऱ्याची अवस्था बघा. घाटाच्या वळणांनी पोरांना मळमळतंय, डिकीतून बॅगा निघतायत, गाडी कुठं लावायची यावरून वाद चाललाय, समोर झाडी आहे आणि झाडीपलीकडे गाव दिसत नाही. गाव दिसत नसेल तर ते दोन किलोमीटरवर आहे की सहा, हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला ही अडचण येत नाही, कारण तिथं गाडी थेट बाजारात जाते आणि अंतर पेट्रोलच्या काट्यावर मोजलं जातं. माथेरानला ते पायांवर मोजायचं असतं, आणि शहरातल्या माणसाला स्वतःच्या पायांचा अंदाज राहिलेला नाही. अशा क्षणी जो पहिला बोलेल त्याचं वाक्य म्हणजेच माहिती. पहिला कोण बोलणार, हे तिथं बरंच आधी ठरलेलं असतं.

ही वाक्यं सहसा सरळ खोटी नसतात. सरळ खोटं पकडलं जातं, म्हणून तिथं अर्धं खरं चालतं. ‘गाडी बंद आहे’ हेच घ्या. नेरळ-माथेरान ही दोन फुटी नॅरोगेज रेल्वे 1907 साली पीरभॉय घराण्याच्या पैशातून आणि चिकाटीतून सुरू झाली. पावसाळ्यात ती घाटात बहुधा बंदच असते. शिवाय गेल्या वीस वर्षांत ती इतक्यांदा मोडली आणि जोडली गेली की बंद असल्याची बातमी कुणालाही पटावी. जुलै 2005 च्या अतिवृष्टीनं रूळ वाहून गेले आणि गाडी सुरू व्हायला 2007 उजाडलं. मे 2016 मध्ये लागोपाठ डबे घसरले आणि ती पुन्हा थांबली. 2019 च्या पावसानं मार्ग पुन्हा खचला आणि नेरळहून वर येणारी गाडी थेट ऑक्टोबर 2022 मध्ये धावली. त्यामुळे ‘गाडी बंद आहे’ असं कुणी सांगितलं की आपण मान डोलावतो. वर्तमानपत्रात वाचलेलं असतंच. पण दस्तुरीला उभ्या असलेल्या माणसाला नेरळच्या गाडीशी काय घेणंदेणं? त्याला हवी असते अमन लॉज ते माथेरान ही शटल. अमन लॉज स्टेशन दस्तुरीपासून चालत काही मिनिटांवर आहे, तिथून शटल पंधरा-वीस मिनिटांत बाजारात सोडते, आणि घाटातली गाडी पावसाळ्यात थांबली तरी ही वरची शटल सहसा चालू राहते. वाक्यातली ‘गाडी’ खरी, ‘बंद’ही खरं, फक्त ती गाडी वेगळी. हे लक्षात आल्यावर सांगणाऱ्याच्या भाषाज्ञानाबद्दल आदर वाटतो. तो आदर गिळायला मात्र वेळ लागतो.

ई-रिक्षेचं वाक्यही असंच बेतलेलं. हातरिक्षा म्हणजे माणसानं माणसाला ओढायचं वाहन माथेरानात शंभरहून अधिक वर्षं चाललं. ते थांबवावं म्हणून रिक्षा ओढणारेच न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं 2022 च्या अखेरीस मोजक्या ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. संख्या थोडी, फेऱ्या ठरावीक, शाळकरी मुलांची निकड आधी, मध्येच प्रयोगाची मुदत संपून खंड पडलेला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांवर पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं अमानुष आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. इतक्या वळणांच्या इतिहासातून ‘ती तुमच्यासाठी नाही’, ‘ती आजारी माणसांनाच’, ‘तिचा नंबर संध्याकाळपर्यंत लागत नाही’ अशी वाक्यं सहज काढता येतात, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या महिन्यात खरं असतं. इथं एक गोष्ट गाठीला बांधा: ‘आहे का?’ असं विचारू नका, कारण त्याला ‘नाही’ हे उत्तर फुकट मिळतं. ‘रांग कुठं लागते?’ असं विचारा. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीची रांग दाखवता येत नाही, आणि असलेल्या गोष्टीची रांग लपवायला जागा लागते.

तिसरं अर्धसत्य मला सगळ्यात जास्त डाचतं, कारण ते पैशांपेक्षा मोठं काही घेऊन जातं. ते म्हणजे पॉइंट आणि झरे. पॅकेजमध्ये पॉइंट मोजून दिलेले असतात, सात किंवा बारा, आणि त्यात कधी एखादा ‘झरा’, एखादा ‘पिकनिक स्पॉट’ घातलेला असतो. माथेरानला झरे आहेत, हे खरंच. माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, कातळावर येऊन अडतं आणि जिथं दोन्ही थर उघडे पडतात तिथं कडेच्या बेचक्यांतून बाहेर येतं. मॅलेट आणि हॅरिसन यांच्या नावांचे झरे जुन्या नोंदींत आहेत आणि एके काळी वस्तीचं पाणी अशा झऱ्यांवरच होतं. पण झरा ही वस्तू आहे तशी ऋतूही आहे. जुलैत माथेरानात झरा शोधावा लागत नाही, प्रत्येक वाटच ओहोळ झालेली असते. मेमध्ये तोच झरा म्हणजे शेवाळलेल्या दगडावरची ओल, आणि त्या ओलीभोवती वानरांची, पाखरांची आणि पाण्याच्या बाटल्या फेकून गेलेल्या माणसांची वर्दळ. मे महिन्यात झऱ्यासाठी घोडा करणं म्हणजे आषाढात हुरड्याचं आमंत्रण स्वीकारण्यासारखं आहे. शिवाय पॉइंट ‘मोजून’ देण्यात एक मेख असते. इको पॉइंट, लँडस्केप, लुईझा, शार्लोट तलाव ही ठिकाणं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एकापासून दुसऱ्याकडे जाताना घोड्याला चालण्याचं समाधानही मिळत नाही. कागदावर मात्र ते चार पॉइंट होतात. खरं लांबचं गार्बेट, त्याचं नाव निघालं की ‘तिकडं काही बघण्यासारखं नाही’ असं ऐकायला मिळतं. सूर्यास्तावेळी गार्बेटच्या उघड्या माळावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, तिकडं काय बघण्यासारखं आहे.

या साऱ्यात समोरच्याचं वागणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि तो अभ्यास मी नाइलाजानं केला आहे. तो कधी घाई करत नाही, घाई आपल्याला होईल एवढीच व्यवस्था करतो. तो मुलाची बॅग आधी उचलतो, भाव नंतर सांगतो. बॅग त्याच्या खांद्यावर असताना भाव करणं आपल्यालाच कृतघ्नपणाचं वाटतं. तो ‘चढ आहे’ म्हणताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या आईकडे बघतो. दर विचारला की माणशी सांगतो, पैसे घेताना घोड्यामागे मोजतो, आणि परतीचा प्रश्न निघाला की ‘ते वेगळं असतं ना साहेब’ हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की दोष आपल्या समजुतीचा ठरतो. फसवणूक उमगते ती मात्र त्याच्या वागण्यावरून नव्हे. ती उमगते परतताना. गावात फिरून झालेलं असतं, पाय मोकळे झालेले असतात, ‘चला, चालतच जाऊ’ असं कुणीतरी म्हणतं आणि तीच सकाळची वाट घड्याळ लावून चालली जाते. पस्तीस मिनिटं, चाळीस मिनिटं, आणि समोर दस्तुरी. कुणी दमलेलं नाही, आजीसुद्धा नाही. त्या क्षणी पैशांचं दुःख होत नाही. आपण आपल्याच पायांबद्दलची खोटी साक्ष मान्य केली, याचं होतं. ज्याच्या बाबतीत हे घडलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. ज्याच्या बाबतीत घडलेलं नाही तो म्हणेल, ‘मग सकाळीच चालायचं होतं.’

या सगळ्यावर आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप पोटाचा. माथेरानात शेती नाही, कारखाना नाही. जे आहे ते पर्यटकावर. काहीशे घोडे आहेत, त्यांच्या चाऱ्याचा खर्च पावसाळ्यातही थांबत नाही, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं. हातरिक्षावाल्यानं छाती फुटेतो ओढावं आणि शहरातल्या माणसानं शंभर-दोनशेवरून त्याला खोटारडा म्हणावं, हे शोभत नाही, असं म्हणणारे म्हणतात. मला हा आक्षेप मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच त्याचा निष्कर्ष मान्य नाही. घोड्याचा दर ठरलेला असतो आणि तो कष्टाच्या मानानं फार नसतो. दर दुप्पट करा, मी देईन. पण जो माणूस दिवसभर घोड्यामागं चालतो त्याच्या हातात अर्धसत्याचा नफा किती येतो? नफा राहतो नाक्यावर आधी बोलणाऱ्याकडे. आणि हे माझ्यासारख्या पोळलेल्या पाहुण्याचंच मत आहे असं कुणी समजू नये. मार्च 2025 मध्ये माथेरानच्या स्थानिकांनीच बंद पुकारला. दस्तुरीला पर्यटकांची दिशाभूल होते, त्यामुळे गावाचं नाव खराब होतं आणि लोक परत येत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. दुकानं मिटली, पर्यटक अडकले, बोलणी झाली आणि बंद लवकरच मागे घेतला गेला. ज्यांचं पोट पर्यटकावर चालतं त्यांनीच पर्यटकाच्या फसवणुकीविरुद्ध दुकानं बंद ठेवावीत, याहून मोठा पुरावा मी कुठून आणू? पोटाचा प्रश्न पुढं करून फसवणुकीवर पांघरूण घालणाऱ्यानं आधी त्या दुकानदारांच्या आणि लॉजवाल्यांच्या पोटाकडे बघावं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: चौकशी करणं हे जाणाऱ्याचं काम. हातात फोन असताना अडीच किलोमीटरचं अंतर ठाऊक नसेल तर दोष कुणाचा? निम्मा माझा, लिहून देतो. पण उरलेला निम्मा कुणाचा, तेही लिहून ठेवू या. जंगलाबद्दलची माहिती तारखेशिवाय निरुपयोगी असते, आणि फोनवर मिळणाऱ्या माहितीला बहुधा तारीख नसते. ज्यानं झऱ्याचा फोटो टाकला तो ऑगस्टात गेला होता हे फोटोवर लिहिलेलं नसतं. ज्यानं शटलची वेळ टाकली त्यानंतर वेळापत्रक कितीदा बदललं असेल. शिवाय घाटात रेंज येते-जाते, आणि प्रश्न पडायची वेळ नेमकी रेंज नसतानाच येते. दस्तुरीला आत शिरताना माणशी कर भरावा लागतो. जो कर घेतो त्यानं कर भरणाऱ्याला चार गोष्टी सांगाव्यात, ही काही राजेशाही मागणी झाली नाही. बाजार किती किलोमीटर आणि चालत किती मिनिटं, शटलची आजची वेळ, ई-रिक्षेची रांग कुठं, घोड्याचा दर कशावर मोजायचा. दरफलक कुठंतरी आहे असं म्हणून भागत नाही. अंतर लिहिल्याशिवाय दराला अर्थ येत नाही, आणि गाडीचं दार उघडताच पहिलं जे दिसतं तिथं हे लिहिलेलं नसेल तर ते कुणीतरी तोंडी सांगणारच. आंबा पिकलाय की नाही हे विकणाऱ्यानंच सांगायचं आणि पेटीही उघडू द्यायची नाही, अशी ही बाजारपेठ आहे. त्यात गिऱ्हाइकानं आंब्याचं शास्त्र शिकून यावं ही अपेक्षा कुणी करत असेल तर त्यानं ती स्वतःच्या आईवडिलांना घेऊन जाताना करून बघावी.

तिसरा आक्षेप म्हणजे आक्षेपाच्या वेशातला उपाय: गाड्या वरपर्यंत सोडा, सगळी कटकट मिटेल. फसलेल्या माणसाला हा उपाय पहिल्या रागात गोड वाटतो, मलाही वाटला. पण विचार केला की कळतं, गाड्या गेल्या की फसवणूक मिटेल तशी फसवणूक होण्याजोगी जागाही मिटेल. माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा पट्टा फेब्रुवारी 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि वाहनबंदी ही त्याच्याही आधीपासूनची तिथली रीत आहे. मुंबई, पुणे, पनवेल हाकेच्या अंतरावर असताना हा माथा हिरवा राहिला तो या एका अडथळ्यामुळे. गाडी बाजारात आली असती तर आज तिथं शनिवार-रविवारी काय असतं, हे लोणावळ्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून पाहावं. वाटेचा प्रश्नसुद्धा तिथं सोपा नाही. तांबडी माती घोड्यांच्या टापांनी सुटते, पावसानं वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणून पेव्हर ब्लॉक घालावेत असं काहींचं म्हणणं, आणि त्यावर घोडे घसरतात, पाणी मुरत नाही असं इतरांचं. 2025 च्या त्याच आदेशात न्यायालयानं दस्तुरी नाक्यापासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, पण आतल्या वाटांवर आणि पायवाटांवर नकोत, अशी रेघ ओढली. मला ही रेघ पटते. जाण्यायेण्याची वाट एक, जंगलाच्या वाटा वेगळ्या. ज्या मातीसाठी एवढा खल झाला तिच्यावरून चारचाकी न्यायची, तर मग झरे कोरडे का पडले हे विचारायलाही कुणी उरणार नाही. जांभ्यात पाणी मुरलं तरच खाली झरा लागतो.

उरला ‘गेले थोडे पैसे, त्यात काय’ हा आक्षेप. हा बहुतेक वेळा ज्याचे गेलेले नसतात तो करतो. तरी उत्तर देतो. पैशांच्या बदल्यात घोड्यावर फेरी मिळाली असती तर तक्रार नव्हती. पण अंतराची भीती एकदा घातली की माणूस दिवसभर त्या भीतीनंच फिरतो. तो वाट सोडत नाही, कारण ‘आत लांब आहे’. तो थांबत नाही, कारण तास मोजला जातोय. जांभळीच्या शेंड्यावर शेकरू असतं, पण त्याचा पत्ता आवाजावरून लागतो, आणि टापांच्या आवाजात तो लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कस्तुराची शीळ माणसाच्या शिट्टीसारखी येते. ती ऐकायला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसण्याचा दर पॅकेजमध्ये नसतो. मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूनं हा डोंगर चढला, तेव्हापासून माथेरानचा ‘शोध लागला’ असं आपण म्हणतो. डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या आदिवासींना तो आधीच लागलेला होता, ती गोष्ट निराळी. मुद्दा असा की हे ठिकाण पायांनी सापडलेलं आहे. आजही धोदाणीहून सनसेट पॉइंटला, चौकच्या बाजूनं रामबागला, शिवाजी लॅडरनं वन ट्री हिलला आणि भिवपुरीकडून गार्बेटला येणाऱ्या वाटा आहेत, आणि त्यांतल्या काहींवरून पायथ्याच्या वाड्यांतली माणसं रोजच्या कामाला चढतात-उतरतात. ज्या डोंगरावर भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाई चढते, तिथल्या सपाटीवरच्या पाऊण तासाला भिऊन आम्ही घोडा करतो.

आता सांगायचं ते सांगतो, जसं आठवेल तसं. घोडा करायचाच असेल तर जरूर करा, लहान मुलाला तो आनंद आयुष्यभर पुरतो. पण बसण्याआधी चार शब्द त्याच्याकडून वदवून घ्या: माणशी की घोड्यामागे, तासाचा की पॉइंटचा, जाण्याचा की येण्यासकट, आणि थांबण्याचे वेगळे का. चारही उत्तरं येईपर्यंत बॅग सोडू नका. हे फार महत्त्वाचं आहे, बॅग हातात ठेवा. दरफलकाचा फोटो काढा आणि काढताना सगळ्यांना दिसेल असा काढा. फोटोचा उपयोग नंतर होवो न होवो, काढताना होतो. घोडेवाल्याचा परवाना नंबर विचारा. प्रामाणिक माणूस तो अभिमानानं सांगतो, आणि असे बरेच आहेत हे मी रागातही कबूल करतो. सूर्यास्ताला सनसेट पॉइंटला गेलात तर परतताना अंधार होतो हे लक्षात ठेवा. टॉर्च न्या, फोनच्या दिव्यावर विसंबू नका, आणि शेवटची शटल चुकली तर दस्तुरीची वाट अंधारात चालायची की भाव द्यायचा असा प्रश्न येतो, तो भाव कुणाच्या बाजूनं ठरणार ते सांगायला नको. झऱ्याचं पाणी पिऊ नका, कितीही काचेसारखं दिसलं तरी. वर घोड्यांच्या वाटा आहेत आणि जांभा गाळत असला तरी उकळत नाही. शार्लोट तलावाचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यात पाय बुडवून बसणारे दिसतात, तुम्ही बसू नका. डबा उघड्यावर उघडला की माकडं येतात. पिकनिकच्या जागा आपण निवडतो असं वाटतं, प्रत्यक्षात त्या त्यांनी आधीच निवडलेल्या असतात. प्लास्टिक परत आणा, पाणी न्या, टोपी घाला, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात धुकं उतरलं की कडा आणि वाट एका रंगाची होते. सगळीकडे कठडा नाही, आणि सेल्फीसाठी मागं सरकणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही.

आणि अंतर विचारायचंच झालं तर ज्याला ते विकायचं नाही त्याला विचारा. रुळाच्या कडेनं चालणारा रेल्वेचा गँगमन, शाळेतून येणारी पोरं, पाटी उतरवून घाम पुसत बसलेली धोदाणीची एखादी मावशी. तिला ‘गार्बेट किती लांब, मावशी?’ म्हटलं तर ती किलोमीटर सांगणार नाही. हात लांबवून म्हणेल, ‘लांब कुठलं, हे काय, इथंच.’ तिचं ‘इथंच’ आपल्या पायांना दीड तासाचं पडतं, एवढा हिशेब मनात धरा आणि चालायला लागा.